कल पोराचा, हिशेब घराचा

दहावीचा निकाल लागला की कसबा पेठेत, पलीकडे मंगळवार पेठेत आणि जुन्या बाजाराच्या अंगाला पेढ्यांचे पुडे फिरतात. दोन दिवस आनंदात जातात. तिसऱ्या दिवशी घरात प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. शेजारी म्हणतो सायन्स घे. मामा म्हणतो आयटीआय कर. आत्या म्हणते, पोरगी आहे, बारावी तरी होऊ द्या, मग बघू. जास्त मार्कांना सायन्स, मधल्यांना कॉमर्स आणि उरलेल्यांना आर्ट्स अशी वाटणी आपल्याकडे रेशनच्या दुकानासारखी चालते. पोराला काय आवडते, त्याच्या हाताला काय जमते आणि ते शिकून किती वर्षांनी घरात पगार येईल, हे प्रश्न आईबापांना समोर बसवून विचारणारा माणूस आपल्या फार थोड्या घरांना भेटतो.

असा सल्ला देणे हे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. पूर्वी त्याला 'व्यवसाय मार्गदर्शन' म्हणत, हल्ली 'करिअर कौन्सेलिंग' म्हणतात. ऐपत असलेले पालक भरपूर फी मोजून मुलांना त्यासाठी घेऊन जातात. आपल्या कष्टकरी घरांनी ह्या शास्त्रातून काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, ह्याचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत. त्यासाठी वाचकांना कसब्यातल्या आळ्यांतून थेट चीनपर्यंत यावे लागेल. चीन कशासाठी, असे कोणी विचारील. तिथल्या कामगार-शेतकरी आईबापांपुढे आज जो पेच आहे तो आपल्या पेचाशी इतका जुळतो की, तो पाहिल्यावर आपलेच घर अधिक स्पष्ट दिसते.

आळी सांगेल तो धंदा

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. तिच्यातल्या आळ्यांची नावे वाचत गेले तरी जुना कारभार समजतो. तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा, शिंपी आळी. तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन भांड्याला चकाकी आणि बळकटी आणतात. त्याला मठारकाम म्हणतात. कागदीपुऱ्यात हातकागद होत असे. कुंभारवाड्यातली पुष्कळ कुटुंबे मुंढव्याच्या केशवनगरात गेली. तांबट आळीत हातोडीचा आवाज अजून येतो, पण पूर्वीइतके हात आता त्या कामावर नाहीत. २०२४ च्या सप्टेंबरपासून ह्या पेठेच्या पोटातून मेट्रो धावते आणि स्टेशनला कसबा पेठेचेच नाव आहे. आळ्यांची नावे मात्र तीच राहिली.

त्या काळी पत्ता सांगितला की धंदा कळे आणि धंदा कळला की जात कळे. पोराने पुढे काय व्हायचे हा प्रश्न कोणाच्या घरात निघतच नसे. कारागिराच्या पोराला निदान बापाचे कसब तरी मिळे. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला वेशीबाहेरची जागा आणि गावकीची कामे आली. ती नाकारण्याची सोय नव्हती, आणि त्यांत वर चढण्याचीही नव्हती.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' ह्या न झालेल्या भाषणात ह्याच मुद्द्यावर बोट ठेवले. जातिव्यवस्था ही नुसती कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि माणसाची कुवत व आवड न पाहता आईबापांच्या सामाजिक दर्जावरून ती त्याचे काम ठरवते, असे त्यांनी दाखवून दिले. धंदे बदलतात, काही बुडतात, काही नवे निघतात. अशा वेळी माणसाला एका कामावरून दुसऱ्या कामावर जाता आले नाही तर बेकारी वाढणारच, हाही त्यांचा मुद्दा होता. व्यवसाय मार्गदर्शनाच्या पुस्तकांत पहिल्या पानावर घालावा असा हा विचार आहे. आम्हाला मात्र अशा पुस्तकांत तो क्वचितच दिसला.

जुनी आळी नव्या रूपात आजही आपल्या घरात शिरते. महापालिकेत झाडणकाम करणाऱ्या घरांना लाड-पागे समितीचे नाव पाठ असते. त्या समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने त्याबद्दल सुधारित आदेशही काढला. आम्ही ह्या नोकरीला नावे ठेवणार नाही. कायम पगाराने कितीतरी घरांना पक्के छप्पर दिले, मुलांना शाळेत पाठवले. ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या कामगाराला तिची किंमत विचारावी. आमची काळजी वेगळी आहे. आईच्या जागेवर आपल्याला लागायचेच आहे, हे पोराला सातवी-आठवीत कळते आणि त्याच दिवशी त्याचे दप्तर हलके होते. आईच्या निवृत्तीला अजून बारा वर्षे असतात. त्या बारा वर्षांत पोरगा काय करणार, हे कोणी विचारत नाही. पहिला हिशेब तिथेच मांडायला हवा. बारा वर्षांत माणूस पदवी घेऊन, नोकरी धरून, संसाराला लागतो. वारसाहक्काचा कागद जपून ठेवावा, नियम कार्यालयातून लेखी विचारून घ्यावेत, पण त्या कागदाच्या भरवशावर शाळा सुटू देऊ नये.

बापाचा सल्लाही आता जपून घ्यावा लागतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, टेल्को-बजाजमध्ये चिकटला की पोरगा सुखी, असे सांगणारी आमची पिढी खोटे सांगत नव्हती. तिने ते अनुभवले होते. परंतु आयुध निर्माण्यांची १ ऑक्टोबर २०२१ पासून महामंडळे झाली, अँटिबायोटिक्सची रया गेली आणि मोठ्या कारखान्यांत कायम कामगारांच्या जोडीला कंत्राटी पोरांच्या रांगा उभ्या राहिल्या. बापाची माया खरी असते. त्याची माहिती मात्र वीस वर्षांपूर्वीची असू शकते.

बोस्टनहून मुंबईला आलेले शास्त्र

व्यवसाय मार्गदर्शनाचा जन्म श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झाला नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली पहिले मार्गदर्शन केंद्र उघडले ते परदेशांतून पोटासाठी आलेल्या मजुरांच्या वस्तीत. त्याच वर्षी पार्सन्स वारले. त्यांचे पुस्तक मागाहून, १९०९ मध्ये निघाले. त्यांची रीत सोपी होती. आधी माणसाने स्वतःला ओळखावे, म्हणजे आपली आवड, कुवत आणि उणिवा पाहाव्यात. मग कामांची माहिती घ्यावी: कोणत्या कामाला काय लागते, काय मिळते, पुढे वाव किती. नंतर दोहोंचा मेळ डोके शांत ठेवून घालावा. आजच्या साऱ्या चाचण्या आणि तक्ते ह्याच विचाराची लेकरे आहेत.

आपल्या प्रांतात हे शास्त्र मुंबईत रुजले. पारशी पंचायतीने १९४७ मध्ये आपल्या समाजातील मुलांसाठी असे केंद्र काढले. एका लहान समाजाने मुलांच्या नोकरीधंद्याची चिंता घरोघर न सोडता पंचायतीच्या कचेरीत आणली, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. १९५० मध्ये मुंबई सरकारनेही ह्या कामाला हात घातला. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम पुढे नेले. आणि २०१६ पासून काही वर्षे राज्यभरातल्या दहावीच्या मुलामुलींची 'कल चाचणी' झाली. संगणकासमोर बसायचे, प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि तुमचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे त्याचा कागद हाती यायचा.

त्या कागदाला आम्ही टाकाऊ म्हणणार नाही. ज्या पोराला कोणी कधी "तुला काय आवडते?" असे विचारलेच नाही, त्याला निदान एका यंत्राने तरी विचारले. परंतु ललित कलेकडे कल आहे असा कागद घेऊन पोरगी दहा बाय दहाच्या खोलीत परतली, तर आई त्याचे काय करणार? तो शिक्षणक्रम कुठे आहे, फी किती, शिष्यवृत्ती बसते का, शिकून झाल्यावर कोण कामावर घेते, आणि तोवर घर कसे चालायचे, ह्यांतले काहीच त्या कागदावर नसते. तो कागद पोरीला एकटी धरतो, पण ती एकटी नसते. मागे धाकटा भाऊ आहे, आजीचे औषध आहे, बापाचा कमरेचा आजार आहे.

चीनमधला पेच

आता चीनकडे वळू. तिकडे शेकडो वर्षे एकच मोठी वाट होती. पुस्तके घोकून सरकारी परीक्षा द्यायची आणि अंमलदार व्हायचे. ती परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली आणि शिकलेल्या तरुणांपुढे अंधार पसरला. १९१६ मध्ये पेकिंगच्या छिंगह्वा शाळेत विद्यार्थ्यांना व्यवसाय निवडीविषयी मार्गदर्शन सुरू झाले. पुढच्याच वर्षी शांघायला ह्वांग यानपेई ह्या शिक्षणतज्ज्ञाने व्यावसायिक शिक्षणाची संस्था काढली आणि १९१८ मध्ये तिची शाळा उघडली. शिकलेला माणूस बेकार आणि कारखान्याला हवा तसा माणूस मिळत नाही, ही तक्रार तेव्हा शांघायमध्ये होती. ती वाचताना सुशिक्षित बेकारांच्या आपल्याकडच्या मोर्चांची आठवण येते.

१९४९ नंतर क्रांतीच्या सरकारने प्रश्नच काढून टाकला. पदवी झाली की सरकार नोकरी नेमून देई, गावही सरकारच ठरवी. ह्या पक्क्या नोकरीला तिथले लोक भाताचा लोखंडी वाडगा म्हणत, कारण तो हातून पडला तरी फुटत नाही. मार्गदर्शकाची गरजच उरली नाही, कारण निवडीलाच जागा नव्हती. मग बाजार मोकळा झाला आणि १९९० नंतरच्या दशकात नेमणुकीची ही पद्धत हळूहळू मोडीत निघाली. ज्या आईबापांनी स्वतः कधी नोकरी निवडली नव्हती त्यांच्यावर मुलांना निवड शिकवण्याची पाळी आली. आपल्याकडे जातीने निवड काढून घेतली होती, तिकडे सरकारने. दोन्हीकडे निवडीचा सराव नसलेली पिढी सल्ला द्यायला बसली.

तिकडची बारावीची प्रवेशपरीक्षा फार कडक. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली ती परीक्षा १९७७ साली पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नावे नोंदवली होती. गुण कळले की महाविद्यालयांचा आणि विषयांचा पसंतीक्रम भरायला मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत सगळे घर, काका-मामांसह, त्या अर्जाभोवती बसते. २०१४ मध्ये शांघाय आणि चच्यांग प्रांतात परीक्षेची पद्धत बदलून मुलांना काही विषय स्वतः निवडण्याची मुभा दिली. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला निवड शिकवणार कोण, म्हणून शाळांना मार्गदर्शनाचे तास सुरू करावे लागले.

ह्या गर्दीत झांग शुएफेंग नावाचा सल्लागार देशभर गाजला. थंडीच्या ईशान्य चीनमधल्या साध्या घरातून आलेला हा माणूस. २०२३ साली त्याने एका पालकाला, पत्रकारितेच्या शिक्षणाला मुलाला मुळीच पाठवू नका, असे तावातावाने सांगितले आणि मोठा वाद उसळला. प्राध्यापक मंडळी चिडली. शिक्षण म्हणजे का नुसती नोकरी, मुलाच्या आवडीला काही किंमत आहे की नाही, असे ती विचारू लागली. झांगची बाजू अशी की, ज्या घरात पैसा नाही, वशिला नाही, त्या घरच्या पोराने आधी पोट भरणारे शिक्षण घ्यावे. आवडीचे लाड श्रीमंतांनी करावेत. लाखो साध्या पालकांना त्याचे पटले, कारण इतक्या उघडपणे त्यांच्याशी कोणी बोललेच नव्हते.

आम्हाला ह्या वादात दोन्हींकडचे अर्धे अर्धे खरे वाटते. गरीब घराने नोकरीचा विचार आधी करावा, हे झांगचे म्हणणे आपल्या प्रत्येक आईला समजेल. पण पत्रकारिता, वकिली, नाटक, संशोधन हे सगळे श्रीमंतांच्या पोरांना सोडून दिले तर आपले म्हणणे लिहिणार कोण आणि मांडणार कोण? बाबासाहेबांच्या घरी तरी कुठे पैसा होता! त्या दिवशी त्यांना पोटापुरते शिकून कारकुनीला चिकटण्याचा सल्ला देणारा भेटला असता तर तो व्यवहाराला धरूनच ठरला असता.

चिनी लोकांचे आणखी एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी समाजात मूळ मुलुखावरून धंदे ठरलेले होते. हाक्का लोक टांगऱ्याला चामडे कमवीत आणि जोडे शिवीत, कँटनकडचे सुतारकाम करीत, हुबेकडचे दात बसवीत. चामड्याच्या कामाकडे उच्चवर्णीय फिरकत नसल्यामुळे ते काम त्यांना मोकळे मिळाले. ह्याचा अर्थ आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको. १९६२ च्या युद्धानंतर ह्या समाजावर संशयाचे सावट आले आणि कित्येकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा हुकूम दिला. तरुण पिढीतले पुष्कळ जण तोवर कॅनडात टोरांटोकडे वळले होते. तिकडे गेलेला आधीचा नातेवाईक पुढच्याला बोलावून घेई, काम सांगे आणि राहायला जागा देई. त्यांचा मार्गदर्शक हा असा ओळखीतला, एक पाऊल पुढे गेलेला माणूस होता.

केळुसकर गुरुजींनी काय केले

आपल्याकडे तसा माणूस सापडतो तो चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटल्यावर तिथे वाचत बसणारा मुलगा विल्सन हायस्कूलच्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेला पडला. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हा प्रसंग आपल्या प्रत्येक घरात सांगितला जातो. त्यापुढचा भाग थोडा मागे पडतो. इंटरनंतर सुभेदार रामजींची ऐपत संपत आली तेव्हा गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला, भीमरावांना स्वतः बरोबर घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारावर बी.ए. झाले, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिका.

गुरुजींनी कल चाचणी घेतली नव्हती. मुलगा वाचतो हे त्यांनी पाहिले, घरची अडचण ओळखली, दार कुठे आहे ते त्यांना माहीत होते आणि त्या दारापर्यंत ते चालत गेले. पार्सन्सच्या रीतीत जे उणे आहे ते नेमके इथे भरून निघते. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, सोबत येणारा क्वचित.

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले (१९४२ ते १९४६). त्याच काळात, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली आणि त्यांच्याच खात्यात देशभरच्या सेवायोजन कार्यालयांचा पाया घातला गेला. युद्धावरून परतणाऱ्यांना काम शोधून देणे हा त्यांचा पहिला हेतू. पुण्यातले असे कार्यालय कसब्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, रास्ता पेठेत आहे. त्याचे नाव आता लांबलचक झाले आहे, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. जुने लोक अजून एम्प्लॉयमेंट एक्सचेंजच म्हणतात. तिथे नाव नोंदवून कार्ड खिशात घालून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली आमची पिढी त्या इमारतीवर रुसलेली आहे, आणि तो रुसवा समजण्यासारखा आहे. तरी शिकाऊ उमेदवारीची, रोजगार मेळाव्यांची, प्रशिक्षणाची चौकशी तिथे फुकट होते. पोरांनी एकदा जाऊन यावे.

आता घरचा हिशेब. समजा, बाप हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते, मुलाला दहावीला ६२ टक्के आहेत आणि बंद पडलेला पंखा खोलून जोडण्यात त्याचा हात चालतो. त्याला इंजिनिअर व्हायचे आहे. घरात सगळे म्हणतात, मग सायन्स. सायन्सची वाट अशी: अकरावी-बारावी दोन वर्षे, प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षे पदवी. एकूण सहा. मध्ये बारावीला किंवा प्रवेशपरीक्षेला पाय घसरला तर हातात काही नाही. क्लासची फी निराळीच.

दुसरी वाट गणेशखिंडीच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेतून जाते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा, आणि त्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आणखी तीन वर्षे. एकूण पुन्हा सहाच! पण इथे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात एक पक्का कागद असतो. बापाची कंबर त्या वर्षी धरली, तर पोरगा नोकरी धरू शकतो आणि पदवी नंतर घेऊ शकतो.

तिसरी वाट औंधच्या आयटीआयची. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट असा दोन वर्षांचा ट्रेड करावा. मग साधारण वर्षभर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, जिला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन द्यावेच लागते. त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे दोन वर्षे, आणि वाटल्यास पुढे पदवीची तीन. एकूण आठ वर्षे. दोन वर्षे जास्त लागली खरी, पण तिसऱ्याच वर्षी घरात चार पैसे आले. ज्या घराला तीन वर्षे थांबणेही जमत नाही त्या घरासाठी ही वाट आहे, आणि ती इंजिनिअरीपर्यंत जाते. "आयटीआय म्हणजे ढ पोरांचे" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याला ही शिडी सहसा ठाऊक नसते. मुलाला पंखे खोलायला आवडतात, हा त्याचा कल. तिन्ही वाटा त्याच कलाच्या आहेत. कोणती घ्यायची हे घराचा श्वास किती वर्षे टिकतो ह्यावर ठरवावे, आणि हे मुलाला उघड सांगून, त्याच्यासमोर ठरवावे. बापाने मनातल्या मनात ठरवून मार्कांचे कारण पुढे केले तर पोरगा आयुष्यभर स्वतःला कमी समजतो.

पोरींच्या बाबतीत हिशेब मांडलाच जात नाही. लग्नापर्यंत वेळ घालवायला आर्ट्स, असे धरून चालतात. आयटीआयमध्ये मुलींना जागा राखीव असतात. बारावीनंतर तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा आहे. आणि आर्ट्स घ्यायचेच असेल तर स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पुण्यातच 'बार्टी', म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, आहे. लोकसेवा आयोग, बँक, पोलीस अशा भरतीच्या तयारीचे तिचे वर्ग आणि संशोधकांच्या अधिछात्रवृत्त्या असतात. जाहिरात कधी निघते तेवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

स्वाधार योजनेबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण तिच्यावरून घरोघर घोळ होतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला पुण्यासारख्या शहरात जेवण-राहणे धरून वर्षाला ६० हजार रुपये तिच्यातून मिळतात. पण महाविद्यालय जिथे आहे तिथलाच रहिवासी असलेल्या मुलाला ती लागू नाही. कसब्यातल्या पोराने पुण्यात शिकताना तिच्यावर हिशेब बांधू नये. गावाकडून तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या पुतण्या-भाच्यांना मात्र ती जरूर सांगा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती निराळी. तिला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे आणि अर्ज संगणकावर भरावा लागतो.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. गुण असून, जागा असून प्रवेश हुकतो तो बहुधा येथे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्याही सवलती मिळाल्या, पण राज्याच्या आणि केंद्राच्या दाखल्यांचे नमुने वेगळे असतात. ज्यासाठी अर्ज करायचा त्याचा नमुना आधी पाहावा. व्यावसायिक शिक्षणाला जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. १९७२ च्या दुष्काळात जी कुटुंबे पुण्याला आली त्यांचा हा कागद गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरात पडून असतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कचेरीत गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीची, जिला कोतवाल बुक म्हणतात तिची नक्कल मागावी. तिच्यात जात लिहिलेली सापडते. जुनी पाने मोडीत असतात, ती वाचून देणारा माणूस शोधावा लागतो. हे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत होत नाही. मूल अकरावीत गेले की त्याच वर्षी गावी जाऊन करावे. यात्रेला किंवा दिवाळीला गेलात तर शाळा आणि कचेरी दोन्ही बंद असतात. एक दिवस रजा टाकून, कामाच्या दिवशी जा, आणि मुलाला बरोबर न्या. पणजोबांचे नाव त्याने स्वतःच्या डोळ्यांनी त्या रजिस्टरात वाचू द्या.